टेबलावर मासा असताना

फेलिस्मीना व्हिएगस उभ्यानं जेवायची. बॉयलरच्या खोलीच्या खिडकीशी, भिंतीला खांदा टेकवून, एका हातात पाव आणि दुसऱ्या हाताच्या ओंजळीत थोडी ऑलिव्ह. बिया खाली टाकायची नाही, ॲप्रनच्या खिशात ठेवायची. आम्ही बाकीच्या बायका अंगणातल्या बाकांवर बसायचो, एकमेकींच्या डब्यात हात घालायचो, नवऱ्यांच्या नकला करायचो, आणि हसता हसता चोरून त्या खिडकीकडे बघायचो. ती आमच्याकडे बघत नसे. मेस्त्रीण होती ना ती, म्हणजे आमच्यावरची मुकादम. मेस्त्रीणबाई बायकांत बसून खिदळायला लागली तर दुपारी आमच्यावर ओरडणार कोण?

आमचं ओल्यांव गाव लिस्बनच्याही पुष्कळ खाली, देशाच्या अगदी दक्षिणेला. समोर वाळूची बेटं, मध्ये उथळ खाडी, आणि खाडीच्या काठानं सार्डिन मासा डब्यांत भरणाऱ्या फॅक्टऱ्या. होड्या आल्या की भोंगा व्हायचा. प्रत्येक फॅक्टरीचा भोंगा निराळा. आमचा म्हाताऱ्या गायीसारखा हंबरायचा. तो ऐकला की बाई चुलीवरचं भांडं उतरवायची, पोर शेजारणीकडे टाकायची आणि डोक्याला फडकं बांधत धावत सुटायची. सार्डिनला थांब म्हणून सांगता येत नाही. ऊन चढलं की तिचं पोट फुटतं, मग ती मांजरांच्याच कामाची.

दारात फेलिस्मीना उभी असायची. उंच, हाडकुळी, काळा पोशाख, एक हात वर.

"पळा! पाय आहेत की ओंडके? झुल्मीरा, नाक मग पूस, आधी सुरी धर! तू गं, तुला आमंत्रण पाठवायला हवं होतं का?"

झुल्मीरा म्हणजे मी. तिच्या आवाजाला मी इतकी घाबरायचे की पहिल्या वर्षी सुरीनं माशापेक्षा माझीच बोटं जास्त कापली. एकदा एक बाई पोराला ताप आहे म्हणून उशिरा आली. फेलिस्मीनानं तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं.

"जा, पोराजवळ बस. उद्या ये."

"बाई, रोज बुडेल हो माझा."

"मग भोंगा झाला तेव्हा यायचं होतंस."

असं बोलणाऱ्या बाईवर कोण माया करणार? पण एवढं खरं की आमच्या फॅक्टरीत मासा कधी नासला नाही आणि मशिनमध्ये कुणाचा हात गेला नाही.

ती काही जन्मानं मेस्त्रीण नव्हती. अकरा वर्षांची असताना आईबरोबर टेबलावर आली होती. शेजारच्या जागेवर तिच्याच गल्लीतली इल्दा. दोघी वीस वर्षं कोपराला कोपर लावून माशांची मुंडकी उडवत होत्या. इल्दा बुटकी, गोल, सदा गाणारी. ही लांबडी आणि अबोल. मग मालकानं फेलिस्मीनाला मेस्त्रीण केलं. पुढचं मला इल्दानंच सांगितलं.

"त्या दिवशी सुट्टीत ती नेहमीसारखी बाकावर आली. मी सरकून जागा केली. पण बाकीच्या गप्पच झाल्या गं. कुणी हसेना, कुणी नवऱ्याला शिव्या घालेना. तिनं अर्धा पाव खाल्ला, उठली, गेली. परत आली नाही. आणि मीही हाक मारली नाही, कशाला खोटं बोलू?"

फेलिस्मीनाचा नवरा फ्रान्सला बांधकामावर गेला होता. पहिल्यांदा नाताळला यायचा, नंतर यायचा बंद झाला. मूलबाळ नव्हतं. घरी जाऊन ती गच्चीवर बसायची आणि होड्यांचे दिवे बघायची. ते सगळ्या गल्लीला दिसायचं.

चौऱ्याहत्तरच्या एप्रिलात लिस्बनला सैनिकांनी सरकार उलथवलं आणि सगळा देश आनंदानं रस्त्यावर उतरला. आमचा मालक वर्षभर गोड गोड बोलला, कॉम्रेड कॉम्रेड म्हणाला, आणि एका सकाळी कळलं की तो बायकोसकट ब्राझीलला पळाला. गोदामात तेल होतं, डबे होते, बॉयलर होता. मालक तेवढा नव्हता. आम्ही फॅक्टरीला आतून कडी घातली आणि सभा भरवली.

टेबलांवरच बसलो सगळ्या. फेलिस्मीना एका कडेला उलट्या टोपलीवर बसली होती, हात मांडीवर. पहिल्यांदा उठली ग्रासिएता. आमच्यात सगळ्यांत तडफदार, केस कापलेले, पँट घालणारी.

"मेस्त्रीण म्हणजे मालकाचा चाबूक," ती म्हणाली. "मालक गेला. मग चाबूक कशाला टांगून ठेवायचा?"

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. फेलिस्मीना जागची हलली नाही. तेवढ्यात इल्दा उठली. आम्हाला वाटलं, ही आता जुनं सगळं काढणार.

"मला काही ती आवडत नाही," इल्दा म्हणाली. "पण मला एक सांगा. तेल कुठून येतं, माहीत आहे कुणाला? लिलावात कुठला होडीवाला कालचा मासा आजचा म्हणून खपवतो, ते? आणि बाल्ताझारला शुद्धीवर ठेवून बॉयलर कोण चालवून घेतं?"

बाल्ताझार आमचा बॉयलरवाला. तो दारातून ओरडला, "मी सोडली आहे!"

"कधी?"

"आज सकाळी!"

सगळ्या हसलो, आणि हसण्यातच निकाल लागला. फेलिस्मीनाला एका वर्षासाठी प्रमुख निवडलं. अट ग्रासिएतानं घातली. ओरडायचं नाही, आणि प्रत्येक गोष्ट सभेत ठरवायची.

"प्रत्येक?" फेलिस्मीनानं विचारलं.

"प्रत्येक. आणि आजपासून तुम्ही-बिम्ही बंद. तुलाही सगळ्या तू म्हणणार."

"म्हणा की. मला काय होतंय?"

पण आमची जीभ वळेना. 'फेलिस्मीना, तू' म्हणायला तोंड उघडलं की बाहेर 'बाई, तुम्ही' यायचं. ग्रासिएता एकटी ठणकावून तू म्हणायची.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला. आम्ही धावत आलो, आणि दारात तीच उंच बाई, तोच वर केलेला हात. "पळा! पाय आहेत की…" एवढंच म्हणाली असेल. सगळ्या जागच्या जागी थांबल्या. ग्रासिएतानं शांतपणे विचारलं, "कुणावर ओरडतेस?"

फेलिस्मीनाचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला. तिनं तो हात हळूहळू खाली आणला आणि ॲप्रनच्या खिशात घातला. जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

त्यानंतर ती काहीच सांगेना. जे ते विचारायची. मीठ किती घालू? आधी मोठा मासा घ्यायचा की लहान? जेवणाची सुट्टी कधी? आम्हाला आधी गंमत वाटली. मग जूनमध्ये एक दिवस होड्या काठोकाठ भरून आल्या. टेबलांवर माशांचे ढीग लागले, बाहेर रखरखीत ऊन. कुणीतरी म्हणालं, लहान मासा वेगळा काढून लहान डब्यांत भरूया, भाव चांगला मिळतो. दुसरी म्हणाली, वेळ जाईल. ग्रासिएता म्हणाली, मताला टाका. मग हात वर करायचे, मोजायचे, एकीचा दोनदा मोजला म्हणून भांडायचं. फेलिस्मीना भिंतीशी उभी. माशांकडे बघत होती, आमच्याकडे बघत होती, तोंडातून शब्द नाही. आमचं ठरलं तोवर मासा बोटाखाली लोण्यासारखा दबत होता. बाल्ताझारनं सगळा गाडीत भरून शेतांवर खताला नेला.

"तुला दिसत होतं ना?" ग्रासिएता तिच्यावर धावून गेली. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात, सभेत ठरवायचं."

"म्हणून काय मजा बघत उभी राहायचं?"

मलाही वाटलं, हिनं सूड उगवला. पण घरी जाताना मला ती धक्क्यावर दिसली. दोरखंडांच्या वेटोळ्यावर बसली होती, ॲप्रनचं टोक तोंडात धरून. मी जवळ गेले. बसू का, म्हणून विचारायचं धाडस झालं नाही, तशीच उभी राहिले.

"मुद्दाम नाही केलं गं," ती म्हणाली. मी काही विचारलंही नव्हतं. "मला खरंच कळेना. इतकी वर्षं मी एकच काम शिकले, ओरडायचं. ते काढून घेतल्यावर माझ्याकडे दुसरं काय आहे?"

मी म्हणाले, "बाई, ओरडू नका, पण सांगा ना."

"सांगणं आणि ओरडणं यांत फरक असतो होय?" तिनं मनापासून विचारलं. थट्टा नव्हती ती.

पुढच्या सभेला ती उभी राहिली. बोलायची सवय नव्हती, म्हणून टेबलाची कड घट्ट धरली होती.

"मला एक म्हणायचंय," ती म्हणाली. "टेबलावर मासा असेल तेव्हा मी सांगेन, तुम्ही करायचं. पटलं नाही तरी करायचं, भांडण दुसऱ्या दिवशी. टेबल रिकामं असेल तेव्हा तुम्ही सांगायचं, मी करीन. मला पटलं नाही तरी."

मग मागून कुणीतरी विचारलं, "आणि टेबलावर अर्धाच मासा असेल तर?"

"तर तुझं तोंड बंद ठेवायचं आणि अर्धा मासा कापायचा," इल्दा म्हणाली. हशा पिकला. हात वर झाले. ग्रासिएताचाही झाला, सगळ्यांत शेवटी.

त्यानंतरचे महिने आमच्या फॅक्टरीचे सगळ्यांत चांगले. फेलिस्मीना बदलली म्हणावं तर बदलली, नाही म्हणावं तर नाही. मासा आला की तिचा आवाज पूर्वीसारखाच सुरीसारखा यायचा, पण त्यात कुणाची आई-आजी निघायची नाही. डोंगराकडच्या गावांतून नव्या मुली आल्या होत्या, समुद्र पहिल्यांदा पाहणाऱ्या. त्यांच्यावर ती आवाजच करायची नाही. मागे उभी राहून त्यांच्या हातावर आपला हात ठेवायची आणि मासा कापून दाखवायची, पुन्हा पुन्हा, एक अक्षर न बोलता. डब्यांची झाकणं बसवणारे कारागीर होते, फार मानी माणसं. त्यांच्या खोलीत ती पाऊलसुद्धा टाकत नसे. "त्यांना माझी गरज नाही," म्हणायची, "मी गेले की त्यांचे हात बिघडतात." बाल्ताझारकडे मात्र दिवसातून दहादा जायची. आणि ग्रासिएताला तिनं लिलावाला बरोबर न्यायला सुरुवात केली. काही दिवसांनी म्हणाली, आज तू एकटी जा. ग्रासिएतानं कालचा मासा आजचा म्हणून घेतला. सगळ्यांना वासावरूनच कळलं. फेलिस्मीना तिला काही बोलली नाही. त्या टोपल्या तिच्यासमोर ठेवल्या आणि म्हणाली, "यातलं चालण्यासारखं काय आहे ते निवड." ग्रासिएता दिवसभर निवडत बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिलाच लिलावाला पाठवलं.

मी एकदा म्हणाले, "तुम्ही प्रत्येकीशी वेगळ्या वागता."

"मग काय, सगळ्यांना एकच माप?" ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण दमायला होतं गं. पूर्वी एकच बाई होते मी. आता सकाळपासून किती बायका होते, आणि घरी गेल्यावर यांतली कोण घरी आली, तेच कळत नाही."

नोव्हेंबरात, नवी वाइन उघडायच्या सणाला, आम्ही अंगणात शेगडी पेटवून चेस्टनट भाजले. फेलिस्मीना खिडकीशी उभी होती. इल्दानं कागदाच्या पुडीत चेस्टनट भरले आणि ओरडली, "ए लांबडे, तिथं काय खांब धरून ठेवलायस? खाली बस, भिंत पडत नाही!" चेस्टनट सोलणारे हात थांबले. फेलिस्मीना आली. बाकाच्या टोकाला बसली, अर्धी बाहेरच. इल्दानं पुडी तिच्या मांडीवर ठेवली. कुणीतरी नवऱ्याची नक्कल केली, आणि ती हसली. तिचे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. त्यानंतर बरेच दिवस ती आमच्यात बसून जेवत होती.

मग हिवाळा आला, आणि तो वाईट आला. समुद्र खवळलेला, होड्या बांधून ठेवलेल्या, सार्डिन कुठे गेली कुणास ठाऊक. सगळ्यांना पुरेल एवढं काम नव्हतं. निम्म्या बायकांनी वसंतापर्यंत घरी बसलं तरच फॅक्टरी तगणार होती. पण कुणी बसायचं?

टेबल रिकामं होतं, तेव्हा ठरवायचं आम्ही. रोज सभा. पहिल्या दिवशी सगळ्या फार शहाण्यासारख्या बोलल्या. दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं, हिचा दीर हॉटेलात आहे, हिला काय कमी? ती म्हणाली, आणि तू घरी डुक्कर पाळलंयस ते? मग कुणाचा नवरा फ्रान्सहून काय पाठवतो, कुणाची सासू घर कुणाला देणार, सगळं निघालं. दोन सख्ख्या जावा एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. एक दिवस एकीनं दुसरीला सगळ्यांसमोर म्हटलं, "तुझं धाकटं कुणाचं आहे, ते बोलू का?" जिला म्हटलं ती पांढरीफटक पडून उभी राहिली आणि जिनं म्हटलं तिला स्वतःलाच हुंदका आला.

फेलिस्मीना इतके दिवस उलट्या टोपलीवर बसून ऐकत होती. ती उठली. जवळ पडलेलं एक लोखंडी झाकण उचललं आणि संगमरवरी टेबलावर आपटलं.

"बस्स!"

तोच जुना आवाज. आम्ही विसरलो होतो तो.

"मी नावं घेते. ज्यांच्या घरात दुसरं कुणी कमावतंय, त्यांनी घरी बसायचं. इल्दा. तू घरी."

इल्दाचा नवरा बंदरावर कायमच्या नोकरीत होता. तरी तिला खरं वाटेना. "मी?"

"तू आधी."

मग एकामागून एक नावं. ग्रासिएता मध्ये येऊन उभी राहिली. "तुला हा अधिकार नाही! टेबल रिकामं आहे! तूच म्हणाली होतीस!"

"माहीत आहे."

"मग?"

"मग काही नाही. ज्यांची नावं घेतली त्यांनी उद्यापासून येऊ नये. दाराशी मी उभी असेन."

कुणी म्हणालं, राणी परत आली. कुणी म्हणालं, चाबूक शेवटी चाबूकच. इल्दानं ॲप्रन काढला, नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवून निघून गेली. दुसऱ्या दिवशी फेलिस्मीनाच्या दाराच्या कडीला कुणीतरी माशांची मुंडकी बांधली होती. ती तिनं सोडवली, उंबरा धुतला आणि कामावर आली.

त्या हिवाळ्यात मी एक विचित्र गोष्ट पाहिली. बेकरीत, नळावर, चर्चच्या पायऱ्यांवर, जिथं बायका जमत तिथं फेलिस्मीनाला शिव्या चालत. त्या शिव्यांत सगळ्या सामील असत. कामावर राहिलेल्या आणि घरी बसलेल्या, दोन्ही जावा, आणि जिच्या पोराबद्दल बोललं गेलं ती नि बोलणारीही. घरी बसलेल्या बाईकडे कुणी शिंपल्या घालून केलेली मक्याच्या पिठाची पेज पाठवायचं, कुणी अंजिरं. "त्या हडळीमुळे तुझ्यावर ही वेळ," म्हणायचं आणि पातेलं द्यायचं. वसंतात सार्डिन परतली, भोंगा हंबरला, आणि सगळ्या धावत आल्या. टेबलांवर कोपराला कोपर लागले. कुणाचं कुणाशी काही बिनसलेलं नव्हतं. फक्त दाराशी जी उभी होती तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

मी त्या आठवड्यात बॉयलरच्या खोलीत गेले. ती खिडकीशी उभी होती.

"मुद्दाम केलंत ना?" मी विचारलं.

तिनं ऑलिव्हची बी ॲप्रनच्या खिशात टाकली.

"राग कुणावर तरी निघणारच होता, झुल्मीरा. एकमेकींवर निघाला असता तर आज एका टेबलाशी कशा उभ्या राहिल्या असत्या? मी काय, टेबलाशी उभी नसतेच."

"हे त्यांना सांगू का?"

"सांगितलंस तर मग मी केलं कशासाठी?"

एप्रिलात वर्ष संपलं. सभा झाली. तिला एकही मत पडलं नाही. तिनं स्वतःलाही दिलं नव्हतं. निवडलं मला. माझं कुणाशी वाकडं नव्हतं, एवढंच माझं कर्तृत्व. तिनं चाव्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, "बाल्ताझारची सकाळी आधी विचारपूस करत जा, नाहीतर दिवसभर फुगून बसतो."

"आता तुम्ही काय करणार?"

"काय करणार? टेबलावर जागा आहे का?"

तिला शेवटच्या टेबलाच्या टोकाची जागा मिळाली. बाजूची जागा रिकामीच राहायची. ती सुरी धरायची, मुंडकी उडवायची, भोंगा झाला की सगळ्यांबरोबर धावत यायची. मी चुकत होते, रोज चुकत होते, आणि तिला ते दिसत होतं. तरी वर बघायची नाही.

ऑगस्टमध्ये एका दिवशी तीन होड्या एकदम लागल्या. त्याच वेळी बॉयलरची वाफ उतरली, नव्या मुली गोंधळल्या, ग्रासिएता लिलावातून अजून आली नव्हती. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी धावत तिच्याकडे गेले.

"बाई, तुम्ही सांगा ना. तुमचा आवाज ऐकला की होतं सगळं."

तिची सुरी थांबली नाही. "माझा आवाज ऐकला तर आजचा मासा वाचेल," ती हळूच म्हणाली, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. "पण उद्या तुझं कुणी ऐकणार नाही. जा. आधी मोठा मासा मिठात, लहान सावलीत. मोठ्यानं सांग. चुकलं तरी मोठ्यानं."

मी गेले, आणि सांगितलं. माझा आवाज चिरकला, पण त्यांनी केलं. सगळ्यांत आधी हात हलले ते तिचे. शेवटच्या टेबलाच्या टोकावरून "हो, बाई," असं ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. मला. बाई.

त्या दिवसानंतर मी बायकांत बसून जेवले नाही. कुणी मनाई केली नव्हती. पण मी गेले की बोलणं थांबायचं. मी कचेरीत दार लोटून जेवायचे, आणि बाहेर कोण कशावर हसतंय त्याचा अंदाज करायचे.

पुढे काही वर्षांनी आमची फॅक्टरी बंद पडली, तशा खाडीवरच्या बहुतेक बंद पडल्या. ग्रासिएता युनियनच्या कामाला लिस्बनला गेली. मी शाळेच्या स्वयंपाकघरात लागले. फेलिस्मीना एका हॉटेलच्या धोबीखान्यात चादरी इस्त्री करायला जायची. तिथला साहेब तिला नातू शोभेल अशा वयाचा, तिला नावानं हाक मारायचा.

"राग नाही येत?" मी विचारलं.

"कशाचा राग? मला कुणी काही विचारत नाही. चादर पुढे येते, मी इस्त्री फिरवते. किती वर्षांनी शांत झोप लागते."

म्हातारपणी तिचा खुबा मोडला आणि ती घरातच बसली. मी रविवारी जायचे. आणखी फारसं कुणी येत नसे. एकदा बाजारात इल्दा भेटली तेव्हा मला राहवलं नाही. त्या हिवाळ्यात फेलिस्मीना असं का वागली, ते सगळं मी तिला सांगून टाकलं. इल्दा टोमॅटो चाचपत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली.

"तेव्हाच? मग इतकी वर्षं…"

"कळलं म्हणून काय झालं? घरी मीच बसले ना? आणि बसण्याचंही काही नाही गं. तिनं आदल्या दिवशी येऊन मला एवढंच सांगायचं होतं, इल्दा, उद्या तुझं नाव पहिलं घेणार आहे. मी स्वतः उठून गेले असते. सगळ्यांत आधी, हसत. तिला सगळं जमलं. ओरडायला जमलं, गप्प बसायला जमलं. एका माणसाला विश्वासात घ्यायला जमलं नाही."

पुढच्या रविवारी मी हे फेलिस्मीनाला सांगितलं. सांगावं की नाही, यावर आठवडाभर विचार केला होता. ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर काही नव्हतं, समोरची पांढरी भिंत आणि तिच्यावर वाळत घातलेले कपडे.

"मी गेले होते आदल्या दिवशी," ती म्हणाली. "तिच्या दारापर्यंत. आत ती गात होती. मला वाटलं, आता आत गेले तर ती रडेल. आणि ती रडली असती तर मला दुसऱ्या दिवशी तिचं नाव घेता आलं नसतं."

"हे तरी तिला सांगू?"

"नको. कॉफी ठेव तू."

फेब्रुवारीत ती गेली. चर्चमध्ये आम्ही मोजक्या बायका होतो, काठ्या टेकत आलेल्या. ग्रासिएतानं लिस्बनहून फुलं पाठवली होती. इल्दा आली, काळी शाल घेऊन, सगळ्यांच्या मागे उभी राहिली. कबरीत माती टाकताना पुढे आली नाही. परतताना ती आणि मी बरोबर चालत होतो, तिचा हात माझ्या हातात होता. औषधांच्या दुकानापाशी तिनं तो सोडवून घेतला.

"तू हो पुढे. मला गोळ्या घ्यायच्यात."

मी थोडी पुढे गेले आणि मागे वळून पाहिलं. दुकान बंद होतं. इल्दा शेजारच्या बोळाच्या तोंडाशी, भिंतीकडे तोंड करून उभी होती. मी परत गेले नाही. तिला तेव्हा कुणी नको होतं, आणि जी हवी होती तिला आम्ही आत्ताच ठेवून आलो होतो.